म्हाताऱ्याची आंघोळ

आमच्या कॉलेजची ओतशाळा आधी नाकाला कळते, डोळ्यांना नंतर. मी पहिल्या दिवशी तिचं दार ढकललं आणि आतून असा भपकारा आला की मी आल्या पावली मागे झाले. धातू ओतायच्या जागेला स्वतःचा एक वास असतो. कोळशाचा, तापल्या लोखंडाचा, करपलेल्या तेलाचा. त्या वासात माझी उमेदीची वर्षं गेली आणि तो अंगाला चिकटून घरी आला तरी मला कधी वाईट वाटलं नाही. हा तो वास नव्हता. हा मांजरांचा होता.

कोपऱ्यात साच्यांसाठी आणलेल्या वाळूचा ढीग होता आणि आवारातल्या समस्त मांजरांनी तो आपल्या हक्काचा ठरवून टाकला होता. शिपाई माझ्यामागे उभा होता. मी वळून बघितलं तर म्हणाला, "त्यांना तरी बिचाऱ्यांना दुसरी जागा कुठंय, मॅडम?"

"आणि मुलं? मुलं याच वाळूत हात घालतात ना?"

"हात?" त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हात कशाला घालतील?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याचा चेहरा अगदी निर्मळ होता.

इंजिनिअरिंगच्या मुलांनी इथं काय करायचं असतं, ते तसं सरळ आहे. लाकडी नमुना पेटीत ठेवायचा, त्याच्याभोवती वाळू ठोकून बसवायची, मग नमुना अलगद काढून घ्यायचा. वाळूत जी पोकळी उरते तो साचा. त्यात वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम ओतायचं, गार झालं की वाळू फोडायची आणि घडलेली वस्तू बाहेर काढायची. हे वाचून येत नाही. वाळू नुसती दमट हवी, ओली नको, आणि या दोन्हींतला फरक तळहाताला कळतो. डोक्याला तो कितीही समजावून सांगा, परीक्षेनंतर विसरतं. प्रयोगशाळा असते ती त्यासाठीच.

या प्रयोगशाळेत मात्र अगदी दर्शनी भागी, लोखंडी स्टँडवर, एक तयार साचा मांडून ठेवला होता. कडा सुरेख, वाळू काळीभोर, तुकतुकीत. वर पाटी: 'हात लावू नये.' ज्या खोलीत पोरांनी हातानं शिकायचं, त्या खोलीत एवढी एकच पाटी! तो साचा कोणी केला, कधी केला, कोणालाच आठवत नव्हतं. पोरं त्याला म्हातारा म्हणत. वाळू सुकली की तडे जाऊन ढासळते, म्हणून शिपाई रोज सकाळी फवाऱ्याच्या बाटलीनं त्याच्यावर पाणी मारी, आणि जाता-येता कोणी ना कोणी विचारी, "काय, झाली का म्हाताऱ्याची आंघोळ?" मी वाकून पेटीच्या खाली बघितलं. लाकडावर बुरशीची पांढरी लव आली होती आणि फटीतून पिवळट पाणी ठिबकत होतं. मी नाक दाबून सरळ झाले.

प्रात्यक्षिक असं चाले. पोरं अर्धगोल करून उभी राहत. शिकवणारे सर फळ्यावर भट्टीचं चित्र काढत; खरी भट्टी दोन हातांवर, तिच्यात कोणीतरी जुने पडदे कोंबून ठेवलेले. मग लांब दांड्याची लोखंडी पळी, रिकामी, थंडगार, एकेकाच्या हातात दिली जाई. पोरगा म्हाताऱ्यावर ओणवा होऊन पळी तिरकी करी, मान वर करून हसे, आणि मित्र फोटो काढी. फोटो आला की ओतकाम आलं! शेवटी सर स्वतः पेटी उघडत आणि वाळूतून एक पुली, पट्ट्याचं चाक, काढून दाखवत. पुसून ती परत आत ठेवायची, कारण दुपारी दुसरी तुकडी. त्या पुलीचं भोक आतून आरशासारखं चमकत होतं. लेथवर फिरवून कातल्याशिवाय अशी चकाकी येतच नाही. मी एका पोराला म्हटलं, "अरे, साच्यातून अशी पुली निघेल का कधी?"

"आमच्याकडे निघते, मॅडम," तो म्हणाला.

या सगळ्याला तिथं एकच शब्द होता: उरकणे. "झालं का उरकून?" सर विचारत, आणि पोरं हात न धुता डबे खायला जात. हात धुवावे असं कोणी काही केलेलंच नसे.

आता विभागप्रमुखांबद्दल. ते माझे थोरले दीर. ओतकामातल्या दोषांवर त्यांनी डॉक्टरेट मिळवलीय. मी ज्या कारखान्यात होते तो बंद पडला तेव्हा तेच म्हणाले, "आमच्याकडे ये. तुझ्यासारखी हाताची माणसं हवीत आम्हाला." उंचेपुरे, आवाज मऊ, शर्टाची इस्त्री संध्याकाळपर्यंत मोडत नाही. त्यांचा गुण एकच, सगळे त्यासाठी त्यांना डोक्यावर घेतात: सांभाळून घेणं. उशिरा आलेल्याला सांभाळून घेतील, नापास होणाऱ्याला सांभाळून घेतील, मशीन बंद असेल तर मशीनलाही सांभाळून घेतील. घर एकच आमचं. ते वर राहतात, आम्ही खाली. त्या पहिल्या संध्याकाळी मी चप्पल न काढता थेट वर गेले.

"भाऊजी, ती ओतशाळा आहे की उकिरडा?"

ते चहा पीत होते. हसले. "आलीस का? बस. अगं, जुनी बिल्डिंग आहे, वास येणारच. पंखा लावून टाकू."

"पंख्यानं काय होणार? तो साचा ओला आहे."

"ओला नाही गं, ताजा. ताजा दिसायला नको? लोक येतात-जातात."

"मला किळस येते त्याची."

जाऊबाई आतून म्हणाल्या, "हिला कशाचीही शिसारी येते. दुधावरची साय सुद्धा चालत नाही." सगळे हसले. विषय सायीवर गेला. माझा नवरा खाली येताना जिन्यात मला म्हणाला, "दादाचं डिपार्टमेंट आहे. तू जरा तोंड आवर."

मी तोंड आवरलं नाही, पण ते वाया घालवायचंही सोडलं. दुसऱ्या दिवशी भट्टीतले पडदे ओढून बाहेर काढले. वाळूचा ढीग फावड्यानं बाहेर फेकायला लावला. पोरं नाकाला रुमाल बांधून आली. ढिगाच्या पोटातून जे जे निघालं ते मी इथं लिहीत नाही. वाचणाऱ्यानं जेवण केलेलं असेल. मांजरं भिंतीवर बसून आमच्याकडे बघत होती, आम्हीच त्यांचं घर बळकावलं अशा नजरेनं.

त्या तुकडीत चिंगी होती, भाऊजींची एकुलती एक लेक. मी लग्न होऊन आले तेव्हा ती रांगत होती आणि माझ्या साडीचा पदर तोंडात घालून चोखायची. आता तिसऱ्या वर्षाला, वर्गात पहिली. तिचा फोटो विभागाच्या भिंतीवर चौकटीत लावला होता: म्हाताऱ्यावर ओणवी झालेली, हातात रिकामी पळी, तोंडभर हसू. नवी वाळू आली, त्यात आम्ही चिकणमाती कालवली, बेतानं पाणी घातलं आणि मी म्हटलं, "चला, घाला हात."

कोणी हलेना.

"काकू, ग्लोव्हज?" चिंगीनं विचारलं.

"धातूला ग्लोव्हज. वाळूला हात."

तिनं दोन बोटं बुडवली आणि उलटी येईल असं तोंड केलं. मागून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, ही घरी कणीकसुद्धा मळत नसेल." ती चिडली आणि मनगटापर्यंत हात घातला. मी दाखवलं: मूठभर घ्यायची, दाबायची, मूठ उघडायची. गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत. मधोमध मोडला तर स्वच्छ मोडला पाहिजे. आणि तळहात कोरडा राहिला पाहिजे. "तळहाताला पाणी लागलं तर त्या साच्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. धातू पडला की पाण्याची वाफ होते, आणि वाफेला जायला जागा नसली की ती धातू घेऊन वर येते. तुमच्या तोंडावर."

त्या दिवसांबद्दल मला चांगलंच बोलायला हवं. मला किळस येत नव्हती. पोरांची नखं काळी झाली. चिंगी कोपरापर्यंत वाळूत जायला लागली आणि वर जाऊन जाऊबाईंची बोलणी खायला लागली. पहिल्यांदा आम्ही खरं अ‍ॅल्युमिनियम वितळवलं तेव्हा भट्टीत बघताना सगळ्यांनी एकमेकांचे खांदे धरले. पहिली पुली निघाली ती भोकाभोकांची, एका बाजूनं बोटभर कमी. कारखान्यात असल्या मालाला कोणी हात लावला नसता. ज्या पोराच्या साच्यातून ती निघाली त्यानं ती डोक्यावर धरून नाच केला. ओतून काढलेल्या वस्तूला आमच्यात जॉब म्हणतात, तर हा ओरडतोय, "घरी फोन लावा रे, पोराला जॉब लागला!" मी हसून हसून खाली बसले.

आणि मग तपासणी समिती येणार असं कळलं.

कॉलेजला श्रेणी देणारी समिती. वरची श्रेणी मिळाली तर विभाग वाढणार, नाही तर ओतशाळा बंद करून तिथं बसायच्या खोल्या होणार, असं सगळीकडे बोललं जात होतं. म्हणजे माझ्या पोरांचे हात परत पुस्तकात जाणार होते. भाऊजींनी मला बोलावलं आणि समोर खुर्ची सरकवली. खुर्ची सरकवली की मी सावध होते.

"तुझ्या मुलांनी छान चालवलंय," ते म्हणाले. "पण त्यांचे साचे जरा ओबडधोबड आहेत. समितीपुढे आपण म्हातारा ठेवू. दिसतो चांगला. चिंगी पळी घेऊन उभी राहील, फोटो होतील, मग पेटी उघडून पुली दाखवायची. तू फक्त भट्टी पेटवून ठेव. भट्टी पेटलेली असली की कसं वातावरण तयार होतं."

"रिकामी पळी?"

"अर्थात रिकामी. उगाच धोका कशाला?"

"आणि खरं ओतायला शिकलेली ती पोरं? त्यांनी काय करायचं?"

"समिती चहाला गेली की ओता की तुम्ही. कोण नको म्हणतंय?"

मला त्यांच्या त्या मऊ आवाजाचीच शिसारी आली. धोका नको म्हणून खोटं करायचं, आणि तेही स्वतःच्या मुलीच्या हातून! मी म्हटलं, "मी त्या म्हाताऱ्याजवळ उभी राहणार नाही." ते म्हणाले, "नकोच राहूस. तू भट्टीपाशी थांब." रिकाम्या पळीनं कोणी भाजत नाही, आणि भट्टी दुसऱ्या कोणाच्या हाती देण्यासारखी नव्हती. मी भट्टीपाशी थांबायचं कबूल केलं.

समितीच्या दिवशी मी आत शिरले तर ओतशाळेत गालिचा! लाल, पायाला गुदगुल्या होतील असा. जिथं वितळता धातू घेऊन माणसं चालतात तिथं गालिचा घालणारं डोकं कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती. भट्टीपासून आमच्या साच्यापर्यंतचा मी स्वतः गुंडाळून काढला. स्टँडभोवतीचा भाऊजींनी काढू दिला नाही. वर सुगंधी फवारा मारलेला. मांजर आणि गुलाब. त्या वासानं माझं डोकं भणभणायला लागलं. म्हाताऱ्याला त्या दिवशी दोन आंघोळी मिळाल्या होत्या. धातू जायच्या भोकाच्या तळाशी पाण्याचं डबकं चमकत होतं.

समितीत तिघे होते. एक जण मोबाइलमध्ये होता, एक जण आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख वाचत होता, आणि अध्यक्ष, लठ्ठ, तोंडावर रुमाल धरलेले, सारखे शिंकत होते. भाऊजी त्यांच्या कानाशी लागून बोलत होते. चिंगी नवाकोरा एप्रन घालून स्टँडजवळ उभी. बाकीची पोरं भिंतीला लागून, आमच्या खऱ्या साच्यापाशी. मी भट्टीवर पाठमोरी, धातूवरची मळी काढत होते.

अध्यक्षांनी रिकाम्या पळीकडे बघितलं. "यात काहीच नाही?"

"सर, हे प्रात्यक्षिक आहे," भाऊजी म्हणाले.

"पण तिकडे वितळलाय ना धातू? मग खरंच ओता की. खरं सांगू का, मी पण कधी जवळून बघितलेलं नाही."

तेवढ्यात चिंगी धावत माझ्याकडे आली. चेहरा फुललेला. "काकू, खरं ओतायचंय! बाबा हो म्हणाले." मला इतका आनंद झाला की मी काहीच विचारलं नाही. तापवलेली दुसरी पळी तिच्या हातात दिली, अर्धी भरली, तिच्या चेहऱ्यावरची काच खाली ओढली आणि म्हटलं, "जा. घाई नको." तिनं पोरांच्या साच्याकडे जायचं, यात मला शंकाच नव्हती. मी भट्टीचं झाकण लावायला वळले.

मागून फोटोवाल्याचा आवाज आला. "ताई, काच वर घ्या, चेहरा दिसत नाही. हां. थोडं वाका. इकडे बघा."

मी वळले. चिंगी म्हाताऱ्यावर ओणवी झाली होती. काच वर, तोंड उघडं, बरोबर भोकाच्या वर, भिंतीवरच्या फोटोतल्यासारखंच. माझ्याआधी तिच्या अंगात हेच मुरवलं होतं: वाकायचं, मान वर करायची, हसायचं. ती अडखळली होती हेही मला दिसलं. तिनं पोरांच्या साच्याकडे बघत हळूच म्हटलं, "बाबा, आमचा साचा तिकडे आहे."

भाऊजी समितीकडे हसऱ्या तोंडानं बघत, दातांवर दात ठेवून म्हणाले, "इथेच ओत. थोडंसंच. आत पुली आहे."

"पण बाबा, ही वाळू..."

"ओत म्हणतो ना!"

आणि तिनं पळी तिरकी करायला घेतली. वडील म्हणाले म्हणून. सगळं माहीत असून.

"चिंगे!" मी ओरडले. कारखान्यात यंत्रांच्या वर जाईल असा माझा आवाज आहे. "पळी सरळ! पाय हलवू नकोस!"

ती थिजली. पळी सरळ झाली. मी गेले, माझ्या हातमोज्यांनी तिच्या मागून दांडा धरला आणि तिला त्या गालिच्यावरून एकेक पाऊल मागे घेतलं. तिची पाठ माझ्या छातीला लागली होती. "काच खाली. आता चल आपल्या साच्याकडे." पोरांनी वाट करून दिली. तिथं पोचल्यावर तिनं दांडा माझ्याकडे दिला. हातमोजा काढून मूठभर सांडलेली वाळू उचलून दाबली, तळहात बघितला, मोजा चढवून दांडा परत घेतला आणि ओतलं. एका धारेत, न थांबता. सुरेख ओतलं.

अध्यक्षांनी रुमाल खाली घेतला. "हे काय झालं मघाशी? त्या बाई एवढ्या ओरडल्या का?"

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी तो मऊ आवाज आला.

"सर, हे आमचं सुरक्षा प्रात्यक्षिक." भाऊजींनी हात पसरले. "चुकीची जागा आणि बरोबर जागा. मुलांना आधी चूक दाखवतो, मग थांबवतो. आमच्या मॅडमचीच कल्पना."

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. मोबाइलवाल्यानंही मोबाइल खिशात ठेवून वाजवल्या. "वा! कुठेच बघितलं नाही असं. अंगावर काटा आला हो." आणि ते चहाला गेले. जाताना अध्यक्ष माझ्याकडे बघून कौतुकानं मान हलवून गेले. त्या कौतुकानं मला अंगावर कोणी थुंकल्यासारखं वाटलं.

भाऊजी मागे थांबले. दार लोटून घेतलं. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि राग मऊच होता. "तू मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडत होतीस. मी होतो म्हणून निभावलं."

"तुमच्या मुलीचा चेहरा गेला असता, भाऊजी."

"काहीतरीच! दोन थेंब ओतले असते वरच्या वर. काय होणार होतं?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझी समजूत होती की यांना सगळं माहीत आहे आणि हे वेळ मारून नेतायत. माणूस लबाड असला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्यांना खरोखरच वाटत होतं की काही झालं नसतं.

"बघायचंय?" मी म्हटलं.

"बघू. होऊन जाऊ दे."

पोरांना मी बाहेर घालवलं. भाऊजी आणि चिंगीला टोकाच्या काचेच्या केबिनमध्ये उभं केलं. चिंगी जिथं वाकली होती तिथं, स्टँडला लागून, लोखंडी पत्रा उभा केला. गालिचा लाथेनं बाजूला सारला. चामड्याचे हातमोजे, जाड एप्रन, तोंडावर काच. भट्टीत उरलेल्यातलं थोडंसं, घोटभर म्हणा, सगळ्यात लांब दांड्याच्या पळीत घेतलं, पत्र्याच्या आड बसले आणि कडेनं पळी पुढे करून म्हाताऱ्याच्या त्या भोकात उपडी केली.

फटाका फुटावा तसा आवाज नव्हता तो. कोणीतरी दार तोडून आत यावं तसा होता. पत्रा माझ्या खांद्यावर आदळला. छताच्या पत्र्यावर टपटप काहीतरी लागलं. पेटी उभी चिरली होती. वाळू भिंतीपर्यंत उडाली होती आणि तिच्यातून ती वर्षानुवर्षांची कुजकी घाण वाफेसकट अशी वर आली की मी तोंडावरची काच काढून दाराकडे धावले. स्टँडवर लेथची पुली चकाकत पडली होती, जागची हलली नव्हती.

चिंगी केबिनमधून बाहेर आली. पत्र्याजवळ गेली. पत्र्यावर धातूचे रुपेरी शिंतोडे चिकटले होते, खाली विरळ, वर दाट. ती वाकली, मघाशी वाकली होती तशीच. शिंतोडे तिच्या डोळ्यांसमोर आले. तिनं एका थेंबावर बोट ठेवलं आणि चटकन मागे घेतलं. अजून गरम होता.

भाऊजी पांढरेफटक पडले होते. मला म्हणाले, "हे तू आधी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं होतं. साचा ओला आहे, असं पहिल्याच दिवशी सांगितलं."

"मला वाटलं, तू वासाचं बोलतेयस."

"बाबा," चिंगी पत्र्याकडेच बघत म्हणाली, "तुम्ही स्वतः कधी ओतलंय?"

"माझं काम संशोधनाचं आहे, बाळा. त्यात मॉडेल असतं, कॉम्प्युटरवर सगळं..."

"कधी तरी? एकदा तरी?"

त्यांनी आपले स्वच्छ तळहात पाठीमागे नेले. तिनं परत विचारलं नाही. मला त्या क्षणी त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. या माणसानं किती तुकड्या पास केल्या, त्यातली किती पोरं आज कुठल्या कुठल्या भट्ट्यांपाशी, मान वर करून, हसऱ्या तोंडानं उभी असतील, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं.

दार उघडलं. शिपाई धापा टाकत म्हणाला, "सर, चला लवकर! सगळ्यात वरची श्रेणी! प्रत्यक्ष हाताळणीचं खास कौतुक केलंय साहेबांनी. फोटोसाठी खोळंबलेत." मग त्याचं लक्ष स्टँडकडे गेलं. "अरेरे. म्हातारा गेला?"

भाऊजींनी श्वास सोडला. मी बघत होते. त्यांच्या गालांवर रंग परत आला, खांदे सरळ झाले. त्यांनी शर्ट नीट केला, दारापर्यंत गेले, आणि काहीतरी आठवल्यासारखे परत आले. भट्टीमागच्या भिंतीशी वाकले. तिथली काजळी बोटांवर घेऊन त्यांनी दोन्ही तळहातांना चोळली, नीट, बोटांच्या पेरांपर्यंत. थोडी बाहीच्या कडेला लावली.

"फोटोत बरं दिसतं," ते म्हणाले. मग मऊ आवाजात, "चल चिंगे. तू पण हवीस फोटोत."

ते गेले. शिपाई त्यांच्यामागे गेला.

चिंगी हलली नाही. मग एकाएकी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकली आणि भडभडून ओकली. मी धावत जाऊन तिचं कपाळ धरलं. पोटात काही उरलं नाही तरी तिला उमासे येतच होते. बाहेर टाळ्या वाजत होत्या.

"काकू," ती बाहीनं तोंड पुसत म्हणाली, "हे घाबरून नाही झालं हं."

"माहितीये मला," मी म्हटलं, आणि तिचं कपाळ तसंच धरून ठेवलं.